वाईट बातमी आधी कानावर घाला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ऑफिसमधल्या नात्यांवर पानभर मजकूर आला होता, तो आमच्या घरी सगळ्यांनी वाचला, सासूबाईंनी तर कापून फ्रिजवर लावलाय, त्यामुळे दूध काढताना मला रोज उपदेश मिळतो. हसतमुख राहा, सहकाऱ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवा, साहेबांच्या चांगल्या गोष्टींचं मोकळेपणी कौतुक करा, निगेटिव्ह बोलू नका वगैरे. वाईट काहीच नाही त्यात. पण हे लिहिणारा माणूस कधी कारखान्यात मार्च एंडला उभा राहिलेला नसावा असं मला वाचताना सारखं वाटत होतं, आणि ते "निगेटिव्ह बोलू नका" वाचून तर राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट करायची तर करा.

मी मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसीच म्हणा) एका ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे. नाव नको. बडोद्यात हा धंदा किती आहे ते तुम्हाला माहीतच आहे, आमच्या बसमधले निम्मे लोक कुठे ना कुठे वाइंडिंग, फॅब्रिकेशन नाहीतर टेस्टिंगमध्येच असतात. माझं काम म्हणजे कुठला जॉब, म्हणजे ऑर्डरचा ट्रान्सफॉर्मर, कुठल्या दिवशी कुठे असेल ते ठरवायचं आणि मग तसं झालं नाही की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. ह्या कामात एक गोष्ट मला पक्की कळली. कुणाचं कुणाशी पटतं हे बघायचं असेल तर कॅन्टीनमध्ये कोण कोणाबरोबर हसतंय ते बघू नका, काहीतरी बिघडलं तर ते कोण कोणाला कधी सांगतं तेवढं बघा. बिघडल्या बिघडल्या सांगितलं तर पटतंय. गाडी गेटवर आल्यावर कळलं तर नाही पटत, मग भले रोज एकत्र सेव उसळ खात असोत.

आता हे जरा नीट सांगते. आमच्याकडे तांब्याच्या तारेला कागदाचं इन्सुलेशन असतं, कॉइल तयार झाली, कोअरवर म्हणजे लोखंडी गाभ्यावर बसली की ते सगळं ओव्हनमध्ये सुकवावं लागतं कारण कागद हवेतला ओलावा पितो, आणि ओलावा राहिला तर टेस्टला दगा देतो किंवा टेस्टला नाही दिला तर पुढे गिऱ्हाइकाकडे देतो, जे जास्त वाईट. सुकवून बाहेर काढलं की फार वेळ उघडं ठेवता येत नाही, पटकन टाकीत घालून तेल भरायचं असतं, पावसाळ्यात तर आणखीनच घाई. म्हणजे बघा, ओव्हनचा एक हीटर बुधवारी सकाळी गेला आणि ओव्हनवाल्याने मला बुधवारी सकाळीच सांगितलं तर मी दुसरा छोटा जॉब पुढे घेते, इन्स्पेक्शनची तारीख बदलून मागते, सेल्सवाले पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, फोन करून दोन दिवस मागून घेतात, ट्रेलर बुक करत नाही, काही आभाळ कोसळत नाही. तेच त्याने शनिवारी सांगितलं तर इन्स्पेक्टर येऊन बसलेला असतो, क्रेन उभी असते, आणि वरून लेट डिलिव्हरीची कपात. सरकारी ऑर्डरमध्ये साधारण आठवड्याला अर्धा टक्का अशी ती लिहिलेलीच असते, जॉब मोठा असला तर अर्धा टक्का म्हणजे काय ते शेठना विचारा. बिघाड तोच. मधले तीन दिवस गेले ते माणूस गप्प बसला म्हणून.

आणि तो गप्प का बसतो? आळशी असतो म्हणून नाही. गेल्या वेळी ज्याने सांगितलं त्याचं काय झालं ते त्याने बघितलेलं असतं. आमच्याकडे पूर्वी एक साहेब होते, कामाला वाघ, ड्रॉइंगमधली चूक लांबून ओळखायचे, पण कुणी अडचण सांगायला गेला की सगळ्या फ्लोअरसमोर त्याची सालटी काढायचे, "आत्ता सांगतोयस? काल झोपला होतास?" असं. लोक काय शिकले, तर अडचण सांगायचीच नाही, दुरुस्त झाली तर झाली, नाहीतर साहेबांना आपोआप कळेल तेव्हा आपल्याबरोबर आणखी चारजण असतील. साहेबांना वाटायचं आपल्या वेळी सगळं सुरळीत चालतं. त्यांच्या कानावर काही जातच नव्हतं हो! आत्ताचे साहेब तेवढे हुशार नाहीत, हे मी स्पष्ट लिहिते, पण त्यांना जाऊन काहीही सांगा, पहिलं वाक्य ठरलेलं, "बरं, आता काय काय लागेल?" कोणाची चूक वगैरे नंतर, आणि ते केबिनचं दार लावून, फ्लोअरवर कधी नाही. आता हीटर गेला की ओव्हनवालाच स्वतः फोन करतो. सगळा फरक त्या पहिल्या वाक्याचा आहे, त्यासाठी कुठलं ट्रेनिंग लागत नाही, हॉटेलात एसी हॉल घेऊन फुगे फोडायचे खेळ तर मुळीच लागत नाहीत (आमच्याकडे झाले तेही, जेवण चांगलं होतं).

हे फक्त आमच्या जीआयडीसीचं रडगाणं आहे असं समजू नका. 27 मार्च 1977 ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली, विमानांच्या इतिहासात अजूनही तो सगळ्यात मोठा अपघात धरतात. परवानगी न मिळताच त्यातल्या एका, केएलएम ह्या डच कंपनीच्या, विमानाच्या कॅप्टनने विमान पळवायला घेतलं होतं, आणि हा कॅप्टन कोणी नवखा नव्हता, कंपनीचा नावाजलेला, दुसऱ्यांना शिकवणारा माणूस. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलंही की समोरचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का, आणि कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. झालं, तो पुढे बोलला नाही. एवढ्या मोठ्या साहेबाला दुसऱ्यांदा कोण टोकणार? त्यानंतर 1979 मध्ये नासाने ह्या विषयावर बैठक घेतली आणि पुढे विमान कंपन्यांनी कॅप्टनला ऐकायला आणि हाताखालच्यांना बोलायला रीतसर शिकवायला सुरुवात केली, आज जगभरच्या पायलटना ते शिकावंच लागतं. तुमच्या पुरवणीत "साहेबांचा मूड बघून बोला" असं छापलंय. त्या इंजिनिअरनेही बहुतेक मूडच बघितला असेल.

बरं, सगळं साहेबांवरच ढकलून चालत नाही. सांगणाऱ्यालाही सांगता आलं पाहिजे. आमच्यातले पुष्कळ लोक साहेबांपुढे जाऊन नुसतं रडतात, "साहेब मटेरियल नाही, साहेब माणसं नाहीत", आणि समोर उभे राहतात. साहेबाने काय करायचं त्याचं? त्यालाही वर कोणीतरी आहेच, शेठचा दर तासाला फोन, बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचंय, पार्टीचा माणूस रिसेप्शनला बसलाय. त्याच्याकडे जाताना किती मटेरियल कमी, कुठल्या जॉबला, कधीपर्यंत मिळालं तर निभेल आणि नाही मिळालं तर माझ्या मते काय करावं, एवढं घेऊन गेलं तर साधारण कुठलाही साहेब ऐकतो, वाईटातला वाईट सुद्धा थोडं ऐकतो. आणि साहेबाला कसं सांगितलेलं चालतं तेही बघावं, काहींना उभ्या उभ्या तोंडी लागतं, काहींना कागदावर आकडे दिसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, काहींना सकाळी चहाच्या आधी काही सांगूच नये. ह्याला कुणी हांजी हांजी म्हणेल तर म्हणू दे. ज्याच्याशी रोज काम आहे त्याची सवय ओळखणं ही हांजी हांजी नाही, त्याने चुकीची तारीख दिली तरी मान डोलवणं ही हांजी हांजी.

आता सहकाऱ्यांचं. इथे सगळ्यात जास्त विष कुठे कालवलं जातं सांगू, ईमेलच्या सीसीमध्ये. स्टोअरवाल्याने पावती एंट्री केली नाही तर त्याला उठून जाऊन विचारायला दोन मिनिटं लागतात, स्टोअर जिन्याखालीच आहे, पण नाही, त्याला मेल करायचा आणि सीसीत त्याचा साहेब, आपला साहेब, वर्क्स मॅनेजर आणि जमलंच तर शेठचा मुलगा. मग तोही उत्तर देताना आपल्या जुन्या सहा मेल जोडतो, आणि दोघं शेजारी शेजारी बसून दिवसभर एकमेकांना "काइंडली नोट" लिहितात. मी स्वतःपुरता नियम केलाय, आधी उठून जायचं, मग फोन, आणि ठरलं ते मेलवर दोन ओळीत, फक्त त्या माणसाला. साहेबाला सीसी करायची वेळ आली तर त्याला आधी सांगून करायचं, की भाई, हे आता माझ्याच्याने होत नाही, वर टाकतेय. बिचारा चिडतो, पण पाठीत खंजीर बसला असं त्याला वाटत नाही.

सेल्स आणि प्रॉडक्शनचं भांडण तर कुठल्याही कारखान्यात सनातन. सेल्सवाला ऑर्डर आणताना चार आठवडे कबूल करून येतो आणि इकडे नुसता कोअर यायलाच तीन लागतात. आमच्याकडे हे थोडं सुधारलं ते एका साध्या गोष्टीने, दर सोमवारी सेल्सच्या एकाने फ्लोअरवर येऊन वाइंडिंगपासून टेस्टिंगपर्यंत चालत जायचं आणि आपला जॉब डोळ्यांनी बघायचा. मीटिंग नाही, प्रेझेंटेशन नाही. आणि उलट आमच्यातला एकजण कधीतरी त्यांच्याबरोबर पार्टीकडे जातो, तिथे गिऱ्हाईक कसं झापतं ते ऐकून आल्यावर इथला माज जरा उतरतो. अजून भांडतात म्हणा, पण आता निदान भांडणात खऱ्या तारखा असतात.

आणि ज्यांचा तुमच्या पुरवणीत उल्लेखच नाही ते म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरची पोरं. दाहोदची, पंचमहालची, यूपी-बिहारची. ऑफिसमधल्या वाढदिवसाच्या केकचा तुकडा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांना पुष्कळ जण "ए कॉन्ट्रॅक्टवाला" म्हणूनच हाका मारतात, आणि जेवायला कोण कुठल्या टेबलावर बसतं, कोणाचा ग्लास वेगळा ठेवलेला असतो, हेही मी बघितलंय, फक्त कोणी बोलत नाही. असल्या वागण्याने काय होतं ते आपल्या गावाने तरी विसरू नये. डॉ. आंबेडकर बडोदे सरकारच्या स्कॉलरशिपवर 1913 मध्ये कोलंबियाला गेले आणि 1917 मध्ये कराराप्रमाणे इथे नोकरीवर आले. वर सयाजीराव महाराजांसारखा राजा, स्कॉलरशिप देणारा, पण कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही, आणि राहायला गावात कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन बाहेर काढलं, आणि मग कमाटी बागेत झाडाखाली बसून गाडीची वाट बघत राहिले. आज तिथे संकल्पभूमी म्हणून त्यांचं स्मारक आहे, आपण रविवारी मुलांना बागेत नेतो तेव्हा शेजारूनच जातो. एवढ्या शिकलेल्या माणसाची नोकरी कचेरीतल्या बाबू-शिपायांनी चालू दिली नाही, आणि महाराजांचा हुकूम तिथे काही कामाला आला नाही. म्हणून मला ते "कंपनीची व्हॅल्यूज वरून खाली झिरपतात" असलं काही वाचलं की हसू येतं. वरून हुकूम येतो, पाणी द्यायचं की नाही ते शेजारचा माणूस ठरवतो.

सयाजीरावांचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. अरविंद घोष 1893 मध्ये विलायतेहून थेट बडोद्याच्या नोकरीत आले, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. महाराज त्यांच्याकडून पत्रं, भाषणं लिहून घ्यायचे. 1903 मध्ये काश्मीरच्या दौऱ्यावर त्यांना सेक्रेटरी म्हणून बरोबर नेलं आणि दोघांचं अजिबात जमलं नाही, खटके उडाले. आपल्याकडच्या एखाद्या कंपनीत असतं तर पुढच्या अप्रेझलला बघून घेतलं असतं. महाराजांनी काय केलं, तर सेक्रेटरीचा प्रयोग परत केला नाही, बस. घोष बाबू कॉलेजात शिकवत राहिले, पुढे व्हाइस प्रिन्सिपल झाले, 1906 पर्यंत इथेच होते. मला ही गोष्ट फार आवडते कारण ह्यात कुणी कुणाला मिठी मारली नाही की दिलगिरी व्यक्त केली नाही, दोघं चोवीस तास बरोबर राहू शकत नाहीत एवढं कळलं आणि कामाची मांडणी बदलली. आमच्या टेस्टिंगमध्ये दोन सीनियर असेच आहेत, दोघं हुशार, दोघांचं हाडवैर, त्यांना एकाच शिफ्टला ठेवून "टीम स्पिरिट" वाढवायचा प्रयत्न बराच काळ चालला, शेवटी एकाला सकाळ दिली एकाला दुपार, आणि हँडओव्हरसाठी एक रजिस्टर. आता रजिस्टरमध्ये भांडतात, पण लिहून भांडतात, वाचून उलट फायदाच होतो.

नवरात्राचं लिहिल्याशिवाय बडोद्याचं पत्र पूर्ण कसं होणार. त्या नऊ रात्री अर्धा कारखाना गरब्यात आणि सकाळी मशीनवर डुलक्या. पूर्वी मॅनेजमेंट दरवर्षी नोटीस लावायची, की उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापला जाईल, आणि दरवर्षी लोक दांडी मारायचे. मग एका सुपरवायझरने पोरांनाच सांगितलं की तुम्ही आपसात ठरवा, मला फक्त मशीन रिकामं नको. त्यांनी ठरवलं. जे गरबा खेळत नाहीत, त्यात आमचे मराठी काका लोक बरेच, त्यांनी सकाळची शिफ्ट घेतली आणि बदल्यात गणपतीत त्यांना संध्याकाळी लवकर सोडायचं. कुठेही लिहिलेलं नाही हे, पण ऑडिटपेक्षा कडक पाळतात. ह्याच्या उलट ऑगस्ट 2024 च्या पुरात, विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं होतं, माणसं गच्चीवर बसलेली, लाइट नाही, आणि शेजारच्या एका कंपनीतून व्हॉट्सॲपवर मेसेज, आज गैरहजर असणाऱ्यांनी रजेचा अर्ज ऑनलाइन भरावा. त्या कंपनीने नंतर कितीही आउटिंग काढली तरी लोक तो मेसेज विसरले नाहीत, माझ्या शेजारणीने तर अजून स्क्रीनशॉट ठेवलाय.

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्याच्या बाहेर ठेवा, आणि तुमच्या पुरवणीने ती ठेवली नाही म्हणून राग आला. तिथे एका बाईच्या प्रश्नाला उत्तर दिलंय की वरिष्ठ जास्त सलगी करत असतील तर हसण्यावारी न्या, संबंध बिघडू देऊ नका. अहो, हे काय उत्तर झालं? तिथे संबंध सुधारायचे नसतात, तक्रार करायची असते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती पाहिजेच असा 2013 चा कायदा आहे, आणि समितीची अध्यक्ष बाईच असावी लागते. बाकीच्या तक्रारींना, म्हणजे पगार, शिफ्ट, अन्याय, 21 नोव्हेंबर 2025 पासून जो नवा कामगार कायदा लागू झालाय त्यात वीस किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती हवी, मालकाचे आणि कामगारांचे सारखे सभासद, जास्तीत जास्त दहा, आणि तीस दिवसांत काम संपवायचं. आमच्या नोटीस बोर्डावर ह्या समितीची नावं लागली तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदाच वाचलं की असं काही असतं. तुमच्या पेपरात हे छापून आलं असतं तर फ्रिजवर लावायला माझी काही हरकत नव्हती.

केकबद्दल माझं काही वैर नाही बरं का. फक्त दर महिन्याला वर्गणी मागायला येतात तेव्हा नवीन लागलेल्या पोरांकडून घेऊ नका एवढंच, त्यांचा पगार किती आणि रूमभाडं किती ते विचारा एकदा.

विनंती अशी की हे सदर पुढे चालवणार असाल तर एखाद्या आठवड्यात शॉपफ्लोअरच्या सुपरवायझरला, नाहीतर हॉस्पिटलमधल्या सिस्टरला, नाहीतर एसटी डेपोतल्या कंट्रोलरला लिहायला सांगा, त्यांना लिहिता येत नसेल तर तुमचा वार्ताहर जाऊन बसू दे एक शिफ्ट. मकरपुऱ्यात यायचं असेल तर मी गेटपास काढून देईन, सेफ्टी शूज मात्र त्यांनी आपले आणावेत.

आणि माझं नाव छापू नका. आमचे साहेब मराठीच आहेत, आणि "तेवढे हुशार नाहीत" हे वाक्य त्यांना तुमच्या पेपरातून कळावं असं मला वाटत नाही, मी स्वतःच सोमवारी सांगेन.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा